तायडेचं एकाहत्तर साल

तायडे गेला त्याला येत्या उन्हाळ्यात वर्ष होईल. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं, आणि तायडेबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतंही. तेच तर माझं दुखणं होतं. मी त्याच्यावर आयुष्यभर जळलो. हे माझ्या बायकोला, सुनंदाला, माहीत होतं. त्याच्या शेजारच्या खंडारे कंडक्टरला माहीत होतं. तायडेच्या बायकोला, रत्नावहिनींना, तर पहिल्यापासूनच माहीत असावं. एकट्या तायडेला पत्ता नव्हता. मी गप्प बसलो की त्याला वाटायचं, विजूची शुगर वाढली.

भांडणाचं मूळ एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. भांडण अर्थात माझ्या एकट्याचं. आम्ही दोघं एकाच वेळी पाणीपुरवठ्याच्या कामावर ओव्हरसिअर म्हणून लागलो आणि पहिलीच नेमणूक धारणीला झाली. एक खोली, एक स्टोव्ह, आळीपाळीनं लावलेली खिचडी. तिथे एक अमेरिकन डॉक्टर दवाखाना चालवायचा. त्याच्याकडे लाकडी पेटीतला रेकॉर्ड प्लेअर होता, आणि तिकडच्या रॉक संगीताच्या रेकॉर्डी. रविवारी आम्ही त्याच्याकडे जाऊन बसायचो. मी जायचो संगीतासाठी. नागपूरच्या होस्टेलवर रेडिओची खुंटी पिळून पिळून मी हे वेड लावून घेतलेलं होतं. तायडे यायचा कॉफीसाठी. एखादा गायक रंगात येऊन ओरडला, की कप खाली ठेवून विचारायचा, "याले कोणं काही म्हटलं काय बाप्पा? इतका काहून चिडून राहिला?"

मी डॉक्टरला गिटारच्या करामती विचारायचो, तायडेकडे पाहून डोळे फिरवायचो. आणि तो डॉक्टर अचानक मायदेशी परत निघाला, त्या दिवशी मी मोर्शीला मुलगी पाहायला गेलो होतो. संत्र्याच्या बागा असलेलं घर, मुलगी सुनंदा. मला तीन तास पोहे खाऊ घातले. तिकडे धारणीत जीप सुटायच्या आधी डॉक्टरनं खोलीचं दार वाजवलं. दार तायडेनं उघडलं. ट्रंक, प्लेअर आणि विजेचा दाब कमी करणारा एक जड डबा, एवढं सगळं डॉक्टरनं त्याच्या हवाली केलं आणि गेला.

सुनंदानं ही गोष्ट पुढे शंभरदा ऐकली. एकदा ती म्हणाली, "तुमाले मी भेटली, त्याईले ट्रंक भेटली. सांगा बरं, कोणाचं चांगलं झालं?" उत्तर द्यायला मी जरासा वेळ लावला. तेवढा वेळ लावायला नको होता.

ट्रंकेत डझनभर रेकॉर्डी होत्या आणि काही लहान, एकेका गाण्याच्या. सगळ्या एकाच सालातल्या. एकाहत्तरच्या. डॉक्टरनं त्या वर्षी देश सोडायचं ठरवलं होतं आणि जाण्यापूर्वी बाजारात जे जे चांगलं आलं ते घेऊन ठेवलं होतं. जाणकार म्हणतात, त्या संगीताला तसं साल पुन्हा लाभलं नाही. मीही म्हणतो. पण म्हणून माणसानं तेवढंच एक साल ऐकावं? पुढे नोकरीत आम्ही कुठे कुठे फिरलो, मी अमरावतीला घर बांधलं, त्यानं अकोल्याला. मी मुंबईहून, चोरबाजारातून, पोस्टानं, मिळेल तिथून रेकॉर्डी जमवल्या. आज माझ्या दिवाणखान्यात भिंतभर आहेत, सालवार लावलेल्या. तायडेनं त्या ट्रंकेत आयुष्यभर एकाही रेकॉर्डची भर घातली नाही. मी एकदा त्याला बहात्तरची एक उत्तम रेकॉर्ड भेट म्हणून दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, नमस्कार केला आणि म्हणाला, "विजू, पहिले एकाहत्तर तर होऊ दे."

"अरे, किती वर्षं झाली!"

"हव. पण अजून समजून राहिलं ना."

त्याचं हे समजून घेणं कसं चालायचं ते सांगतो. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, त्याच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असायचं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग कुणीतरी समजावून सांगायचं, आणि आश्विन पौर्णिमेला समारोपाची खीर. तायडे तिथला नेमाचा वाचक. निवृत्त झाल्यावर त्यानं हीच पद्धत आपल्या ट्रंकेला लावली. विहारातली खीर खाऊन झाली की पुढच्या रविवारपासून त्याच्या घरी एकाहत्तरचं वाचन सुरू. होय, तो वाचनच म्हणायचा. रविवारी चार वाजता सतरंजी अंथरायची, एक रेकॉर्ड लावायची. पहिली बाजू संपली की चहा. दुसरी बाजू संपली की तायडे सगळ्यांकडे बघून विचारायचा, "काय समजलं?"

आणि लोक सांगायचे! इंग्रजीचा गंध नसलेले लोक. खंडारे निवृत्त कंडक्टर, त्याला प्रत्येक गाण्यात रस्ता दिसायचा. "हे घाटातलं हाय, साहेब. इथं डायवरनं दुसरा गेर टाकला. आता पाहा, उतार लागला." मला माहीत असायचं की ते गाणं एका घटस्फोटावर आहे. पण खंडारेनं उतार म्हटलं की मलाही तिथे उतारच लागायचा, आणि घरी येऊन मी तेच गाणं माझ्या भिंतीतून काढून ऐकलं की घटस्फोट कुठे सापडायचाच नाही. असं माझं किती नुकसान झालं असेल ते मीच जाणे.

रेकॉर्डींची इंग्रजी नावं तिथे कुणी घेत नसे. पाकिटावरच्या चित्रावरून त्यांची नावं पडली होती: विहीरवाली, पिवळ्या मोटारीची, तीन झाडांची. रेकॉर्डी धुवायला तायडे रिठ्याचं पाणी वापरायचा. रिठ्याचं! मी परदेशी बाटलीतलं औषध आणि मखमली ब्रश वापरतो, आणि तो रिठे भिजवून, फडक्यानं पुसून, सावलीत पापडासारख्या वाळत घालायचा. माझ्या रेकॉर्डी खरखरतात. त्याच्या खरखरत नव्हत्या. अकोल्याचा उन्हाळा ठाऊक आहे ना? त्या उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर ज्या खोलीत, त्या खोलीत ट्रंक असायची. तायडे आणि वहिनी बाहेरच्या पंख्याखाली झोपायचे. "आपन घामानं वाकडे होत नाही, थ्या रेकॉर्डी होतात," असं त्याचं म्हणणं.

मोसम संपताना खीर असायची आणि निकाल. त्या सालची उत्तम रेकॉर्ड कोणती, उत्तम गाणं कोणतं, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. दरवर्षी. त्याच रेकॉर्डी, तेच लोक, आणि निकाल दर वेळी वेगळा! गेल्या वर्षी पहिली आलेली विहीरवाली यंदा चौथी. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तायडे, हे साल संपून जमाना झाला. मोठमोठ्या लोकांनी याचा निकाल लावून टाकलाय. छापून आलाय."

"त्याईचा लागला असंल," खीर वाढता वाढता तायडे म्हणाला. "आपला बाकी हाय."

यावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? सुनंदा. आता खरं काय खुपत होतं ते सांगून टाकतो. अमरावतीच्या माझ्या घरी, माझ्या भिंतीसमोर, ही बाई कधी पूर्ण एक बाजू बसली नाही. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अवो, लहान करा ना जरा!" एका बाईची रेकॉर्ड मला प्राणाहून प्यारी, ती लावली की सुनंदा हमखास दार लोटून घ्यायची. म्हणायची, "ही कोण किंचाळून राहिली?" आणि तीच सुनंदा ऑक्टोबर लागला की रविवारी सकाळी अकरालाच साडी बदलून तयार. मोर्शीहून आलेली संत्री पिशवीत. मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत गुणगुणणार. तायडेच्या घरी वहिनींना लागून सतरंजीवर मांडी घालून बसणार, आणि दोन्ही बाजू हलणार नाही. मी गुडघ्यांचं निमित्त करून भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो. तिथून मला तिच्या केसांचा अंबाडा दिसायचा आणि डोलणारी मान.

त्यात 'खुर्चीवाली' हा तर कहर होता. त्या रेकॉर्डच्या पाकिटावर वाळूत ठेवलेली एक रिकामी खुर्ची आहे, माणूस नाही. नावाची नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. तायडेच्या मंडळाचा हा सर्वांत लाडका गायक. त्याला ते 'बुवा' म्हणत. जड, थकलेला, खर्जातला आवाज. एका रविवारी तायडेनं विचारलं, "काय समजलं?" तर सुनंदा म्हणाली, "बुवा घर सोडून चालला म्हणते, पण जात नाही. दारातच उभा हाय. कोणी थांब म्हणावं म्हणून."

मी खुर्चीवर ताठ झालो. त्या गाण्याचे शब्द मी डोळ्यांपुढे धरून वाचलेले आहेत. नेमकं हेच आहे त्यात. हे सुनंदाला शब्द न कळता कळलं, आणि ते तिनं तायडेला सांगितलं. लग्न माझ्याशी झालेलं आहे. गाण्याबद्दलचं असं एक वाक्य तिनं माझ्यासाठी कधी खर्च केलं नव्हतं.

आणि गंमत अशी, की तो बुवा बाई होता.

माझ्या घरी जी 'किंचाळते' ती हीच बाई. त्याचं काय आहे, डॉक्टरचा प्लेअर अमेरिकेच्या विजेवर चालायला बनवलेला. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. दाब कमी करणारा डबा लावला तरी हेलकावे तेवढेच, म्हणून मोटर इथे हळू फिरते. सगळं एकाहत्तर साल तायडेच्या घरी मंद चालायचं आणि सगळे आवाज खाली उतरायचे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तायडेही इंजिनिअर, त्यालाही मशीन हळू आहे हे माहीत होतं. "असू दे ना," म्हणायचा, "पाहुनं मशीन हाय, त्याले जेवढं झेपते तेवढं पळते." पण त्यामुळे बाईचा बुवा झालाय हे त्याच्या ध्यानात आलेलं नव्हतं. फोनवर गाणी ऐकायचा त्याला कंटाळा. "त्याच्यात साऱ्या सालाईची गर्दी असते," असं म्हणायचा.

सुनंदाच्या त्या वाक्यानंतरच्या रविवारी मी गाडीच्या मागच्या सीटवर माझं मशीन बांधलं, अ‍ॅम्प्लिफायर घेतला, स्पीकर घेतले. सुनंदानं विचारलं हे कशाला. मी म्हटलं, तायडेला खरं ऐकवायचंय. ती संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत बाहेर बघत बसली.

मंडळी जमली. मी तारा जोडल्या, खुर्चीवाली लावली, सुई ठेवली. आणि त्या खोलीत पहिल्यांदा ती बाई गायली. उंच, धारदार, वेगात. खंडारे म्हणाला, "साहेब, ब्रेक लावा, गाडी हातची चालली." वहिनींनी तोंडाला पदर लावला. सुनंदा माझ्याकडे वळून म्हणाली, "अवो, ही तर आपल्या घरची!" तिच्या आवाजात आनंद नव्हता.

तायडेनं पूर्ण बाजू मान खाली घालून ऐकली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यासाठीच तर इतकं ओझं वाहून आणलं होतं. सुई उठली. तायडेनं मान वर केली तर डोळे पाण्यानं भरलेले.

"बाई होय काय," तो म्हणाला. "मी म्हणो, बाप्पा, या मानसाले हे इतकं कसं समजलं? घरात राहून बाहेर असनं? आता बरोबर लागलं. विजू, लेका, काय चीज ऐकवली तू!"

आणि मग हसायलाच लागला. वहिनींना म्हणाला, "रत्ने, आपल्यापाशी दोन एकाहत्तर झाले! एक बुवाचं, एक बाईचं!"

मी त्याचं साल मोडायला गेलो होतो, आणि त्याला एक नवं कोरं साल देऊन बसलो. वर तो म्हणाला, हे मशीन राहू दे ना इथं थोडे दिवस. मी तोंड उघडायच्या आधी सुनंदा म्हणाली, "राहू द्या भाऊजी, घरी कोण ऐकते." अशा रीतीनं माझं मशीनही त्याच्याकडे गेलं. पुढचे दोन मोसम प्रत्येक रेकॉर्डचं वाचन दोनदा व्हायचं, आधी हळू आणि मग जोरात, आणि 'काय समजलं'ही दोनदा. मी अमरावतीला माझ्या भिंतीसमोर जुन्या, बदली मशीनवर ऐकत बसायचो. जळफळाट या शब्दात किती वाफ आहे ते मला त्या दिवसांत कळलं.

मग तायडेचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. कानाचे डॉक्टर म्हणाले, या वयात वरचे बारीक आवाज आधी जातात. त्याला कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग नातीचं बोलणं येईना. खंडारेचा रेड्यासारखा आवाज तेवढा यायचा. कानातलं यंत्र त्यानं महिनाभर लावलं आणि डबीत ठेवून दिलं. बोलायचा मात्र ओरडून, आपल्यालाच ऐकू येत नसल्यासारखं. एक दिवस त्यानं फोन करून, म्हणजे वहिनींकडून करवून, मला निरोप दिला की तुझं मशीन घेऊन जा.

गेलो. रविवारच होता. माझं मशीन दाराशी बांधून ठेवलेलं, जुन्या लुगड्यात गुंडाळून, वर सुतळी. आणलं होतं त्याहून चांगलं बांधलेलं. सुनंदा आत जाऊन सतरंजीवर आपल्या जागी बसली. वहिनी म्हणाल्या, "त्याईले या मशीनवरचं काहीच ऐकू येत नाही, भाऊजी. नुसती सुई फिरताना दिसते. जुन्यावर थोडं थोडं येते. बाई गेली म्हणतात, बुवा राहिला."

डॉक्टरची लाकडी पेटी सुरू होती. खुर्चीवाली लागलेली. तायडे पेटीला टेकून जमिनीवर बसला होता, एक तळवा तिच्या लाकडावर पसरलेला, डोळे मिटलेले. पार वाळला होता. त्याचा दुसरा हात वहिनींनी आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्या पालथ्या पंजावर बोटांनी हळू हळू ठेका धरला. गाण्याचा नेमका ठेका, कुठे चुकत नव्हता. इतकी वर्षं ऐकलेलं.  मी मशीन उचलून छातीशी धरून दारात उभा होतो, निघायच्या तयारीत.

तेवढ्यात तायडेनं डोळे उघडले. मी दिसलो. त्या खोलीला न पेलणाऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "विजू, आला काय रे बुवा?"

ती बाई तेव्हा नुकतीच गायला लागली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनंदानंही.

"आला," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडून सांगितलं, "आला! बुवा आला!"

त्यानं मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले. सुनंदा जरा सरकली, सतरंजीवर एक माणूस मावेल एवढी. मी मशीन खाली ठेवलं आणि गुडघ्यांना न विचारता तिच्या शेजारी बसलो. पेटी हळू फिरत होती. बुवा दारात उभा राहून कुणी थांब म्हणायची वाट बघत होता. माझे कान शाबूत आहेत, मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तायडेला काय येत होतं कोण जाणे. पण जे काही येत होतं, ते मला हवं होतं.